अळंबीचा अर्क आणि आमचे काउंटर

कापडाच्या व्यापाऱ्याने कॅन्सरवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमचे शिक्षण उर्दू शाळेत दहावीपर्यंत झाले. त्यापुढचे सारे शिक्षण मीटरपट्टी आणि कात्रीने दिले. डॉक्टरकीचा आम्हास गंध नाही. तरीही व्यापाराच्या या पानावर हा विषय काढतो आहोत, कारण तो आमच्याकडे दवाखान्यातून आला नाही. तो बाजारातून आला, आणि खरे सांगायचे तर आमच्याच काउंटरवरून गिऱ्हाइकाच्या घरी गेला.

तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात आमचे लहानसे दुकान आहे. तालुक्याचे नाव २०२४ साली राजगड झाले, पण आठवडे बाजाराला येणारी माणसे अजून वेल्हेच म्हणतात. लग्नाचा बस्ता, शाळेचे गणवेश, धोतरजोडी, नऊवारी, एवढाच आमचा माल. काही वर्षांपूर्वी ओळखीतला एक एजंट आला आणि काउंटरवर कॅप्सूलच्या डब्यांचे एक खोके ठेवून गेला. डब्यावर तांबड्या, चकचकीत अळंबीचे चित्र होते. सोबत मराठीत छापलेली पुस्तिका. तीत जपान, चीन, शेकडो प्रयोग, आणि खाली रोगांची यादी: साखर, रक्तदाब, सांधेदुखी, कॅन्सर. डब्यामागे आम्हाला कमिशन. आम्ही पुस्तिका वाचली नाही, कमिशन तेवढे वाचले. खोके ठेवून घेतले.

कानंद खोऱ्यातला एक शेतकरी आमचे जुने गिऱ्हाईक. त्याच्या कुटुंबाला छातीत गाठ आली होती. पुण्याला नेऊन ऑपरेशन झाले. पुढे केमो आणि शेक घ्यायचा असे डॉक्टरांनी सांगितले होते. बाजाराच्या दिवशी तो दुकानात बसला असता एजंटही तिथेच होता. केमोने केस जातात, अंगातली ताकद जाते, अळंबीने मात्र रोग आतून जळून जातो, असे त्याने समजावले. शेतकऱ्याने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘शेठ, तुमच्या दुकानात ठेवलंय म्हंजी खात्रीचंच असणार.’’ आम्ही हो म्हटले नाही. पण नाहीही म्हटले नाही. डबे पिशवीत घालून दिले.

चार महिने त्या माउलीने कॅप्सूल घेतल्या आणि केमो घेतली नाही. मग काखेत गाठ आली. पुन्हा पुणे झाले, पण तोवर रोग पसरला होता. पुढच्या वर्षी आषाढात कोरे पांढरे कापड घ्यायला माणसे आमच्याकडेच आली. शेतकऱ्याने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. वेळेवर केमो घेतली असती तर ती वाचलीच असती, असे डॉक्टरही म्हणाले नाहीत आणि आम्हीही म्हणत नाही. पण ते चार महिने गेले, आणि ते आमच्या काउंटरवरून गेले.

त्यानंतर उरलेले खोके आम्ही परत केले आणि चौकशीला लागलो. आमची पुतणी फार्मसी शिकलेली आहे. तिने कागद आणले, वाचून दाखवले, समजेपर्यंत समजावले. त्यातून जे कळले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो. अळंबी म्हणजे निव्वळ थोतांड, असे म्हणणे चूक आहे. अळंबीने कॅन्सर बरा होतो, असे म्हणणे त्याहून मोठी चूक आहे. आणि या दोन चुकांच्या मधल्या जागेत हा सारा धंदा उभा आहे.

घरचा फणसांबा

अळंबी आपल्याला परकी नाही. पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळंबी वेल्हे-भोरच्या बाया टोपलीतून बाजारात आणतात आणि तासाभरात ती संपते. ही झाली खाण्याची. औषधाचीही एक आहे. फणसाच्या जुन्या खोडावर घोड्याच्या खुरासारखी, लाकडाइतकी टणक अशी एक अळंबी वाढते. तिला फणसांबा म्हणतात. लहान मुलाचे तोंड आले, लाळ गळू लागली, की फणसांबा सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायचा, हा कोकणातला आणि घाटमाथ्यावरचा जुना उपाय आहे. आपल्या पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात लोकांच्या औषधांतल्या अशा अळंब्यांवर शास्त्रीय नियतकालिकांत लिहिले. फणसांबा ज्या वंशात मोडतो त्याचे शास्त्रीय नाव फेलिनस. याच वंशात ज्यांची गणना होत आली अशा अळंब्या कोरियात आणि जपानमध्ये फार मानाने वापरल्या जातात आणि त्यांच्या अर्कावर कॅन्सरच्या संदर्भात बरेच संशोधन झाले आहे.

यूनानी हकिमांकडेही अळंबी होती. गारीकून हे नाव आमच्या पिढीने जुन्या अत्तारांच्या बरण्यांवर वाचले आहे. तीही झाडाच्या खोडावर वाढणारी अळंबीच. ग्रीकांपासून अरबांकडे आणि तिथून आपल्याकडे ती आली. हकीम ती कफ आणि पोट साफ करण्यासाठी देत. तेव्हा अळंबीत औषधी गुण असू शकतो, ही गोष्ट एजंटाच्या पुस्तिकेने शोधलेली नाही. आपल्या आजीलाही ती ठाऊक होती. फरक इतकाच की आजी फणसांबा हिरडीला लावत असे. तिने त्याच्या जोरावर कोणाचे ऑपरेशन किंवा औषध बंद केले नाही.

जपानमध्ये काय घडले

पुस्तिकेत जपानचे नाव होते आणि ते खोटे नव्हते. १९६९ साली टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातील गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी शिताके या खाण्याच्या अळंबीतून एक पदार्थ वेगळा केला. उंदरांमध्ये वाढवलेली गाठ त्याने रोखली जाते, असे त्यांनी दाखवले. त्याचे नाव लेंटिनान. पुढे १९८५ मध्ये जपान सरकारने त्याला पोटाच्या कॅन्सरसाठी मान्यता दिली. त्याआधी १९७७ मध्ये दुसऱ्या एका अळंबीच्या अर्कापासून बनवलेल्या क्रेस्टिन नावाच्या औषधाला तिथे मान्यता मिळाली होती.

हे पदार्थ काम कसे करतात तेही समजून घेण्यासारखे आहे. अळंबीच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकॅन नावाची साखरेच्या रेणूंची लांब साखळी असते. आपल्या रक्तातल्या काही राखणदार पेशींना ही साखळी ओळखता येते, कारण बुरशी शरीरात शिरली तर तिच्याशी लढणे हे त्यांचे कामच आहे. साखळी दिसली की त्या जाग्या होतात. म्हणजे हे अर्क कॅन्सरच्या पेशीला स्वतः जाळत नाहीत, राखणदाराला उठवतात. आता राखणदार उठला म्हणून प्रत्येक चोर सापडतो असे नाही. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली असते, घरच्या माणसाचे कपडे घालून फिरते. ती राखणदाराला सहसा ओळखू येत नाही, हेच तर या रोगाचे दुखणे आहे.

जपानमधला सर्वात बोलका आकडा १९९४ साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. पोटाच्या कॅन्सरचे ऑपरेशन पूर्ण यशस्वी झालेले २६२ रुग्ण घेतले. त्यांचे दोन गट केले. एका गटाला नुसती केमो दिली, दुसऱ्याला केमो आणि सोबत क्रेस्टिन. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातले ६० जण हयात होते, दुसऱ्या गटात ७३. हा फरक लहान नाही. शंभरात तेरा घरांचा प्रश्न आहे. म्हणूनच अळंबीला थोतांड म्हणू नये, असे आम्ही वर लिहिले.

पण वाचकांनी हा आकडा पुन्हा नीट पाहावा. दोन्ही गटांचे ऑपरेशन झाले होते. दोन्ही गटांना केमो मिळाली होती. क्रेस्टिन केमोच्या जोडीला होते. केमोच्या जागी अळंबी दिलेला तिसरा गट तिथे नव्हताच. लेंटिनानही जपानमध्ये केमोसोबतच देत, तेही शिरेतून, इंजेक्शनने. त्याची दुकानातली कॅप्सूल नव्हती. आणि पुढे नवी औषधे आल्यावर खुद्द जपानच्या बाजारातूनही क्रेस्टिन उठले. आमच्या काउंटरवरच्या पुस्तिकेने जपानची मान्यता उचलली आणि ‘सोबत’ हा एक शब्द गाळला. त्या एका गाळलेल्या शब्दाची किंमत कानंद खोऱ्यातल्या त्या घराने दिली.

नमुना आणि तागा

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. मिलचा माणूस जो चार बोटांचा नमुना दाखवतो, तो पाहून तागे उचलू नयेत. नमुना उत्तमच असतो. तागा उलगडावा, धुवून पाहावा, रंग जातो का, आटतो का, ते बघावे, मग दाम ठरवावा. प्रयोगशाळेतली बशी आणि पिंजऱ्यातला उंदीर हा औषधाचा नमुना आहे. बशीत कॅन्सरच्या पेशी मारणारे पदार्थ हजारो आहेत. साधे मीठ जास्त टाकले तरी बशीतल्या पेशी मरतात. माणसाच्या शरीरात, पोटातून, रक्तातून, यकृतातून जाऊन तो पदार्थ गाठीपर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचून माणूस जास्त जगतो का, हा खरा तागा.

तांबड्या अळंबीचा, म्हणजे ज्याला चिनी लोक लिंगझी आणि जपानी रेशी म्हणतात त्या गॅनोडर्माचा तागा उलगडून पाहण्याचे काम कॉक्रेन या संस्थेने केले. जगभरचे प्रयोग गोळा करून त्यांची छाननी करणारी ही संस्था आहे. २०१६ च्या आढाव्यात तिला माणसांवर नीट केलेले पाच प्रयोग सापडले, त्यांत मिळून ३७३ रुग्ण. निष्कर्ष असा की कॅन्सरवरचा पहिला उपचार म्हणून ही अळंबी वापरण्याइतका पुरावा नाही. नेहमीच्या उपचाराच्या जोडीला दिली तर उपचाराला प्रतिसाद वाढण्याची आणि राखणदार पेशींना चालना मिळण्याची शक्यता दिसते, पण त्याने आयुष्य वाढते असे या प्रयोगांतून ठरत नाही. पुस्तिकेतल्या शेकडो प्रयोगांपैकी माणसांपर्यंत आलेले आणि छाननीत टिकलेले एवढेच.

दुसरी गोष्ट मालाची. शर्टिंगवर शंभर टक्के सुती असा शिक्का आणि आत निम्मे पॉलिस्टर, हा प्रकार आम्ही जन्मभर पाहिला. दोरा काढून जाळून पाहिला की कळते. कॅप्सूलचा दोरा काढता येत नाही. २०१७ साली शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या बाजारातून गॅनोडर्माच्या पूरक आहाराचे १९ लॉट विकत घेऊन तपासले. लेबलवर लिहिल्याप्रमाणे माल निघाला तो फक्त ५ लॉटमध्ये. अमेरिकेत ही तऱ्हा, तर आपल्याकडच्या डब्यात काय असेल, याची खात्री आमच्यासारख्या दुकानदाराने कशाच्या जोरावर द्यावी? शिवाय हा माल निरुपद्रवीच असतो असेही नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला त्यातून रक्तस्रावाचा धोका संभवतो, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

तिसरी गोष्ट, उपचार सोडण्याची किंमत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली एक अभ्यास छापला. स्तन, फुप्फुस, आतडे किंवा प्रोस्टेटचा, अजून न पसरलेला कॅन्सर असताना केवळ पर्यायी उपचार निवडणारे २८१ रुग्ण त्यांनी पाहिले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त निघाला. हा आकडा पुतणीने वाचून दाखवला तेव्हा आम्ही उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिलो.

रानातून औषध कसे येते

कोणी म्हणेल, मग रानातल्या वस्तूंवर विश्वासच ठेवू नये काय? तसे नाही. याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या मातीतच आहे. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेला गेले. तिथे मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी दोन झाडांतून कॅन्सरची दोन औषधे बाहेर काढली. एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन, हे १९६६ साली, आणि यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल, हे १९७१ साली. आज पुण्या-मुंबईच्या कोणत्याही कॅन्सर रुग्णालयात टॅक्सॉल रोज वापरले जाते. वाणी २०२० साली वारले. त्यांच्या शोधाने किती माणसे जगली याची गणती नाही.

कॅम्पटोथेसिनची तर सह्याद्रीशी थेट सोयरीक आहे. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तोच पदार्थ आपल्या घाटात वाढणाऱ्या नरक्या या झाडात असल्याचे दाखवले. ज्या झाडाकडे कोणी पाहत नव्हते त्याला एकदम भाव आला. पण मूळ पदार्थ जसाच्या तसा माणसांना देऊन पाहिला तेव्हा तो सोसवेना. उपाय होण्याआधी अपायच झाला आणि ते प्रयोग थांबवावे लागले. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या घडणीत फेरफार केले, पुन्हा वर्षानुवर्षे तपासले, आणि १९९६ साली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली. शोध १९६६ चा, औषध १९९६ चे. मध्ये तीस वर्षे.

अळंबीही याच वाटेने चालली आहे. हिमालयातल्या कीडाजडीच्या कुळातील बुरशीत कॉर्डिसेपिन नावाचा पदार्थ असतो. तो जसाच्या तसा दिला तर शरीर त्याला लवकर मोडून टाकते. म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि एका औषध कंपनीने त्याचे बदललेले रूप तयार करून रुग्णांवर चाचण्या सुरू केल्या. त्यातून औषध होईल किंवा होणारही नाही. चाचणी म्हणतात ती हीच. नरक्याची साल चावून कोणाचा कॅन्सर बरा झाला नाही, आणि उगाळलेल्या फणसांब्याने झाल्याचाही पुरावा नाही. साल आणि औषध यांच्यामध्ये ही तीस वर्षांची वाट असते. पुस्तिकावाले ती एका उडीत ओलांडतात.

नरक्याची आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी विसरू नये. मागणी वाढली तशी घाटात त्याची चोरटी तोड झाली. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी आली, नफा दूर कुठे गेला, आणि झाडच दुर्मिळ झाले. उद्या फणसांब्याला भाव आला तर वेल्हे-भोरच्या फणसांचे हेच होऊ नये. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या करण्याची आणि रानातल्या ठेव्याच्या व्यापारी वापरातून गावाला वाटा देण्याची तरतूद केली आहे. फणसांबा कुठे आहे, कोण वापरतो, कसा वापरतो, हे त्या समितीच्या नोंदवहीत आजच लिहून ठेवावे.

दुकानदाराने काय करावे

आमचे काही भाईबंद म्हणतात, आम्ही डॉक्टर नाही, आम्ही फक्त माल ठेवतो, घेणारा आपल्या अकलेने घेतो. आम्हीही असेच म्हणत होतो. पण गिऱ्हाईक आमच्याकडे केवळ माल घ्यायला येत नाही. त्याच्या बापाने आमच्या बापाकडून बस्ता बांधलेला असतो. काउंटरवर जे ठेवले त्याला दुकानाची पत लागते. एजंटाला आमची जागा नको होती, ती पत हवी होती, आणि आम्ही ती डब्यामागे काही रुपयांना भाड्याने दिली.

कायदाही या बाबतीत मुका नाही. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा १९५४ चा कायदा कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करण्यास मनाई करतो. आरोग्यपूरक आहाराबाबत २०१६ साली आलेल्या नियमांनुसार अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. आमच्या त्या डब्यावरही ती होती, इंग्रजीत, बारीक अक्षरांत, तळाला. पुस्तिका मराठीत, मोठ्या अक्षरांत. वाचकांनी यातून काय समजायचे ते समजावे.

सबब आमचे सांगणे इतकेच. कोणीही आरोग्याचा माल काउंटरवर ठेवायला आणला, तर आधी डबा उलटा करून तळाची बारीक अक्षरे वाचून घ्यावीत. डबा एक म्हणतो आणि तोंड दुसरे म्हणते, असे दिसले की खोके परत करावे. कमिशन कशावर मिळते आहे, मालावर की आपल्या शब्दावर, हे स्वतःला विचारावे. आणि गिऱ्हाइकाच्या घरी कॅन्सर आहे असे कळले तर एकच वाक्य बोलावे: डॉक्टरला विचारल्याशिवाय काही घेऊ नका आणि काही सोडू नका. या वाक्याला कमिशन नाही. पण ते त्या दिवशी आमच्या तोंडून निघाले असते तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

माणसे एजंटाकडे का जातात, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. वेल्ह्याहून पुण्याचे मोठे रुग्णालय गाठायला अर्धा दिवस जातो. तिथे रांग, कागद, आणि डॉक्टरांची दोन मिनिटे. एजंट घरी येतो, चहा घेतो, तासभर ऐकतो. दुःखी माणसाला औषधाइतकीच ऐकणाऱ्याची गरज असते, आणि ती गरज एजंटाने ओळखली आहे. तेव्हा डॉक्टर मंडळींनाही आमची विनंती आहे. रुग्ण अळंबीबद्दल विचारतो तेव्हा त्याला हसू नये, रागावू नये. हसले की तो विचारणे सोडतो आणि घेणे चालू ठेवतो. पैशाची अडचण असेल त्यांनी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी जरूर करावी. कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि शेक तिच्यात बसतात. योजनेचे रुग्णालय कोणते, कागद कोणते लागतात, हे गावातल्या आशाताईला विचारले तरी कळते. महागडे डबे विकत घेणाऱ्या घराला अनेकदा हे ठाऊकच नसते.

अळंबी विकावी, पण भाजी म्हणून

शेवटी धंद्याची गोष्ट, कारण हे पान धंद्याचे आहे. वेल्हे-भोरमध्ये भात पिकतो आणि भाताबरोबर पेंढा येतो. धिंगरी अळंबी या पेंढ्यावर उत्तम येते. पेंढा कापून भिजवायचा, गरम पाण्याने निर्जंतुक करायचा, बियाणे मिसळून पिशव्या टांगायच्या. तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवरील अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे आणि हिमाचलात सोलन येथे देशाची अळंबी संशोधन संस्था आहे. शिकायचे तर शिकवणारे आहेत. पुणे शहर तासा-दोन तासांवर आहे, तिथली हॉटेले गिऱ्हाईक आहेत.

ही अळंबी भाजी म्हणून विकावी. ती चवदार आहे, तिच्यात प्रथिने आहेत, एवढे खरे बोलूनही ती खपते. कॅन्सरचे नाव घेतले तर दाम दहापट मिळेल, हे आम्हालाही कळते. कापडातही खोटा शिक्का मारला की दाम वाढतो. पण दुसऱ्या धुण्यात रंग उतरतो आणि गिऱ्हाईक तागा घेऊन परत येते. ते परत आले तर पैसे देऊन माफी मागता येते. कानंद खोऱ्यातला आमचा शेतकरी अजून बाजारला येतो, नातवाच्या गणवेशाचे माप देतो, चहा घेतो. त्याला परत देण्यासारखे आमच्याजवळ काही नाही.